मोटारी बंद होत्या: दारणेवरचा एक बंधारा आणि चार समुद्री कयाक

नोव्हेंबरात कोकणातून तिघं जण ट्रेलरवर चार समुद्री कयाक बांधून, कसारा घाट चढून नाशिकला आले. एक मालवणचा, पस्तिशीचा, पर्यटकांना किनाऱ्यालगत फिरवून पोट भरणारा. तिघांत सगळ्यात तयारीचा तोच. दुसरे रत्नागिरीचे निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणत. तिसरी अलिबागची, दातांची डॉक्टर, सुटीचा प्रत्येक दिवस पाण्यावर काढणारी. चौथी बोट माझ्यासाठी आणलेली. मी नाशिकचा. गंगापूर धरणाच्या पाण्यावर रोइंग शिकलो, एवढंच माझं भांडवल. जिल्ह्याला रोइंग नवीन नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या पाण्याची टंचाई असलेल्या गावचा दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला होता. पण रोइंगमध्ये जिकडे जायचं तिकडे माणसाची पाठ असते. हे मुद्दाम सांगतोय, कारण या सफरीचा वाटाड्या मी होतो.

बेत तीन दिवसांचा होता. पहिला दिवस गंगापूरच्या जलाशयावर, रीतसर परवानगी काढून. दुसऱ्या दिवशी चेहेडीच्या खाली दारणेत उतरायचं आणि जोगलटेंभीला, म्हणजे दारणा-गोदावरीच्या संगमावर, मुक्काम करायचा. याच जोगलटेंभीत 1906 साली क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता, त्यातली बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारून चालवलेली. सरांना ती जागा पाहायची होती. खरं तर सगळ्या सफरीचा हट्ट त्यांचाच. तिसऱ्या दिवशी गोदावरीतून सायखेडा-चांदोरी. पुढे जायचं नाही, कारण तिथून नांदूर मध्यमेश्वरचं पाणी सुरू होतं. ते अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, आणि नोव्हेंबर हा तिथे पाहुण्या बदकांचा हंगाम.

पहिला दिवस

जलाशयावर त्यांच्या बोटी खुलल्या. समुद्री कयाक पाच-सव्वापाच मीटर लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद असते. सरळ जायला जन्मलेली, वळायला नाखूष. आत आडव्या भिंती असतात, त्यांना बल्कहेड म्हणतात. त्यामुळे कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या जागेत, पाणी भरलं तरी पुढचा-मागचा कप्पा कोरडा राहतो आणि बोट तरंगते.

काठावर जमलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: गोड्या पाण्यात ही बोट जास्त बुडत नाही का? बुडते. माणूस आणि सामान धरून 120 किलोची बोट असेल तर खाऱ्या पाण्यापेक्षा सुमारे तीन लिटर जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. एवढ्या लांब बोटीत ते दोन मिलिमीटरच्या आसपास जातं. म्हणजे लोक ज्या फरकाची काळजी करतात तो बोटीत तीन किलो सामान जास्त ठेवण्याइतकाच.

खरा फरक लाटांत जाणवला. दुपारी वारा उठला. आठ सेकंदांची समुद्री लाट शिखरापासून शिखरापर्यंत शंभर मीटर असते, बोट तिच्यावर चढते आणि उतरते. जलाशयात वाऱ्याला धावायला चार-पाच किलोमीटरच मिळतात, त्यामुळे लाट दोन सेकंदांची होते, म्हणजे जेमतेम सहा मीटरची, जवळपास बोटीच्याच लांबीची. पुढचं टोक एका लाटेत, मागचं दुसरीत. अलिबागची म्हणाली, ‘खडबडीत रस्त्यावर एसटीच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं वाटतंय.’ त्यापलीकडे त्या दिवशी सांगण्यासारखं काही घडलं नाही. संध्याकाळी सगळे खुशीत होते, आणि या खुशीचाही पुढच्या चुकीत वाटा आहे असं माझं मत आहे.

दारणेवरची सकाळ

सकाळी साडेसातला उतरलो. पाण्यावर धुकं, दोन्ही काठांना ऊस, मधेच कांद्याची रोपं, खंड्या एका पाइपवरून दुसऱ्या पाइपवर उडतोय. दर पन्नास-शंभर पावलांवर काठावर एक मोटार आणि तिचा काळा पाइप पाण्यात उतरलेला. आणि सगळीकडे शांतता. मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, ‘बघा, शहरापासून एवढ्या जवळ एवढं शांत!’

ती शांतता चुकीची होती. रब्बीच्या तोंडावर नोव्हेंबरात सकाळी दारणेकाठी एकही मोटार घुमत नाही, असं सहसा होत नाही. दारणा धरणाचं पाणी खालच्या कालव्यांना द्यायचं तर ते नळातून जात नाही. ते नदीतूनच नांदूर मध्यमेश्वरपर्यंत वाहत येतं आणि तिथून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. जायकवाडी 15 ऑक्टोबरला ठरलेल्या पातळीच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून तिकडेही पाणी सोडावं लागतं. असं पाणी वाहत असताना वाटेत कुणी उपसू नये म्हणून नदीकाठची वीज अनेकदा बंद ठेवतात. म्हणजे मोटारी मुक्या असणं ही इथली भरतीची खूण. माझं अर्धं आयुष्य या जिल्ह्यात गेलं, मामाचा मळाही नदीकाठी, तरी मला ते कळलं नाही. मला ते छान वाटलं.

दुसरी खूण मालवणच्याने वाचली, पण थट्टेत. काठाच्या चिखलावर वीतभर उंचीचा ओला पट्टा दिसत होता, वर कोरडी माती आणि खाली चकचकीत. एका पाइपच्या टोकाचा फुटबॉल, म्हणजे फूट-व्हॉल्व्ह, इकडे त्याला सगळे फुटबॉलच म्हणतात, पाण्याबाहेर उघडा पडून लोंबत होता आणि त्यातून अजून थेंब गळत होते. तो ओरडला, ‘सुकती लागली रे!’ आम्ही हसलो. नदीला कुठली आली ओहोटी? पण त्याने बघितलं होतं ते अगदी बरोबर होतं. बंधाऱ्यामागचं साठलेलं पाणी उतरत होतं, आणि साठलेलं पाणी उतरतं तेव्हा खाली कुणीतरी वाट उघडलेली असते.

तिसरी खूण तर चक्क बोलली. आम्ही एका घाटावरून गेलो तेव्हा तिथे एक मावशी धुणं धूत होत्या. मी मागे होतो. पुढे असलेल्या मालवणच्याला त्या म्हणाल्या, ‘भाऊ, वरून पाणी सोडेल हे बरं का.’ त्याने हात केला आणि पुढे गेला. नाशिककराला हे वाक्य ऐकताच कळेल की पाणी सोडलेलं आहे. आमच्याकडे ‘सोडेल आहे’ म्हणजे ‘सोडलेलं आहे’, ‘ठेवेल आहे’ म्हणजे ‘ठेवलेलं आहे’. मालवणच्या कानाला ‘सोडेल’ हा भविष्यकाळ वाटला. सोडेल कुणीतरी, कधीतरी. आज नाही तर उद्या. दोघंही मराठीच बोलत होते. त्याने मला हे त्याच दिवशी दुपारी सांगितलं, कपाळावर चिंधी बांधलेली असताना.

बंधारा

बंधारा कोल्हापूर पद्धतीचा होता. गावाचं नाव देत नाही, कारण दारणेवर असे बरेच आहेत आणि त्या गावाचा यात काही दोष नाही. नदीत ओळीने दगडी-काँक्रिटचे खांब, त्यांच्यामध्ये साधारण दोन मीटरचे मोकळे गाळे, खांबांना खाचा. पावसाळा संपला की खाचांत फळ्या टाकतात आणि पाणी अडतं. पावसाळ्याआधी किंवा आवर्तन, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, येणार असेल तेव्हा फळ्या काढतात. वरून माणसं आणि मोटारसायकली जातील एवढा पूल.

मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं: बंधारा दिसला की पन्नास मीटर अलीकडे डाव्या काठाला लागायचं, बोटी उचलून पलीकडे उतरायचं. फळ्या टाकलेल्या असतील तर ही सूचना ठीक होती. वरचं पाणी तळ्यासारखं असतं, पन्नास मीटर भरपूर. मी गेल्या महिन्यात मोटारसायकलवरून येऊन बंधारा पाहून गेलो होतो आणि तेव्हा ते तसंच होतं.

बोटीत बसून डोळे पाण्यापासून अडीच-तीन फुटांवर असतात. एवढ्या उंचीवरून बंधारा दिसत नाही, नदीवर एक सरळ रेघ दिसते. समुद्रावरच्या माणसाला सरळ रेघेची भीती वाटत नाही. त्याने आयुष्यभर क्षितिजच पाहिलेलं असतं. पुलावर पाच-सहा माणसं वाकून काहीतरी ओढत होती. ती फळ्या काढत होती. आम्हाला पाहताच त्यांनी हातवारे सुरू केले, आणि मालवणच्याने त्यांना हात हलवून रामराम केला.

तो सगळ्यात पुढे होता. ओढ जाणवल्यावर त्याने डावीकडे वळायला घेतलं. सव्वापाच मीटरची सरळ धावणारी बोट वळेपर्यंत प्रवाहाला आडवी झाली आणि तशीच आडवी खांबांकडे गेली. पुढचं टोक एका खांबावर, मागचं मधला एक खांब सोडून पलीकडच्यावर. इथे जे झालं ते अर्ध्या सेकंदाचं आहे, पण सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

समुद्रात लाट कुशीला येऊन आदळली की तिच्याकडे झुकायचं आणि पॅडल तिच्यावर टेकायचं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. किनाऱ्याकडे झुकलात तर लाट बोट उलटी करते. पंधरा वर्षं रोज हेच केल्यावर विचार करावा लागत नाही, कंबर आपोआप वळते. मालवणच्याची कंबर वळली. तो येणाऱ्या पाण्याकडे झुकला. त्या बाजूची कड पाण्यात गेली, प्रवाह तिच्यावर चढला आणि बोट एका दणक्यात उलटली. वाहत्या पाण्यात खांबावर किंवा खडकावर आडवं लागलात तर खांबाकडे झुकायचं असतं, त्याला कवेत घेतल्यासारखं, म्हणजे पाणी बोटीखालून निघून जातं. हे समुद्राच्या अगदी उलट. आमच्यात सगळ्यात कमी शिकलेला मी. मी आडवा गेलो असतो तर घाबरून खांबालाच मिठी मारली असती आणि कदाचित कोरडा राहिलो असतो. त्याचं कौशल्य त्याच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की तेच त्याच्यावर उलटलं.

त्याने एकदा रोल करून, म्हणजे बोटीत बसूनच पुन्हा सरळ होऊन पाहिलं, पॅडल खांबावर आपटलं. मग स्प्रे स्कर्टची, म्हणजे कंबरेभोवतीच्या कॉकपिट झाकणाऱ्या कापडाची, दोरी ओढून बाहेर आला. इथवर सगळं शिस्तीत. पण पॅडल मनगटाला दोरीने बांधलेलं होतं. समुद्रात वाऱ्याने पॅडल उडून जाऊ नये म्हणून बांधतात, चांगली सवय आहे. पॅडल 2 मीटर 20 सेंटिमीटरचं, गाळा दोन मीटरचा. दाराला अडसर घालावा तसं ते दोन खांबांना आडवं बसलं आणि तो त्याला मनगटाने लटकला. पाय गाळ्यातून पलीकडे ओढले जात होते आणि तोंड दर दुसऱ्या क्षणी पाण्याखाली जात होतं.

सर आणि अलिबागची डाव्या काठाच्या पाणवेलींत शिरून थांबले होते. एरवी ज्या पाणवेलींना आम्ही शिव्या दिल्या त्यांनीच त्यांना धरून ठेवलं. मी त्यांच्या मागे. आमच्यापैकी कुणी काहीही केलं नाही. जे केलं ते पुलावरच्या एका बाबांनी. फळ्या वर ओढायला त्यांच्या हातात लोखंडी आकडा होता, लांब दांड्याचा. त्यांनी पोटावर आडवं पडून तो खाली सोडला, पॅडलच्या एका टोकाला अडकवला आणि फळी काढतात तसं वर खेचलं. अडसर सुटला. मालवणचा गाळ्यातून पलीकडे गेला, वीसेक मीटर खाली वर आला. दुसऱ्या दोघांनी बैलगाडीचा नाडा फेकून त्याला काठाला ओढलं. सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागली असतील. बोट मात्र तशीच दाबली गेली आणि आमच्या डोळ्यांसमोर कॉकपिटपाशी मोडली.

तो ज्या गाळ्यातून गेला त्यातल्या सगळ्या फळ्या निघालेल्या होत्या. शेजारच्या गाळ्यात खालच्या दोन शिल्लक होत्या. पाणी त्यांच्यावरून पडून तळाशी जात होतं आणि वरचं पाणी फेसाळत पुन्हा बंधाऱ्याकडेच वळत होतं. अशा ठिकाणी लाइफ जॅकेट माणसाला वर आणतं आणि वरचं पाणी त्याला परत धारेखाली नेतं, पुन्हा पुन्हा. ते दिसायला समुद्रातल्या फुटणाऱ्या लाटेपेक्षा कितीतरी गरीब दिसतं, गुडघाभर फेस. गाळा कुठला मिळणार हे त्याच्या हातात नव्हतं.

चाळीच्या सावलीत

दुपारी बाबांच्या मळ्यात, कांद्याच्या चाळीच्या सावलीत बसलो. खांदा दुखावलेला, कपाळाला खोक; हेल्मेट कुणीच घातलं नव्हतं. चहा झाला. सरांना राहवेना. त्यांनी एक स्टीलची थाळी मागून घेतली, नदीच्या उथळ धारेत उतरले आणि थाळी दोन दगडांना आडवी टेकवली. वरची कड प्रवाहाकडे झुकवली तशी थाळी हातातून हिसकली गेली. पुन्हा लावली, या वेळी कड खालच्या बाजूला झुकवली; पाणी थाळीखालून सरकून गेलं आणि थाळी दोन बोटांवर राहिली. बाबा म्हणाले, ‘फळी काढताना आम्ही बी अशीच कड उचलतो.’

मग जोराचा हिशेब झाला. सेकंदाला दोन मीटर म्हणजे माणूस हळू धावतो तेवढा वेग. आडव्या बोटीचं दीड चौरस मीटर अंग त्याला दिलं तर साडेतीनशे किलोच्या आसपास वजन टेकल्यासारखा दाब येतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. चार माणसांनी ओढून ती बोट निघणार नव्हतीच. सरांनी पेपरमध्ये येणाऱ्या क्यूसेकचंही गणित सांगितलं: एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटरच्या थोडं वर, बातमीत हजार क्यूसेक लिहिलेलं असलं तर सेकंदाला 28 हजार लिटर. आणि बातमी आली होती. आदल्या दिवशीच्या पेपरात, स्थानिक पानावर, चार ओळींत. मी हवामान पाहिलं होतं, वारा पाहिला होता, पेपर पाहिला नव्हता.

यावर आमच्यात वाद झाला आणि तो पूर्ण मिटलेला नाही. अलिबागचीचं म्हणणं, ही बोट नदीसाठी नाहीच; नदीला छोटी, चटकन वळणारी, प्लास्टिकची बोट हवी. सरांचं म्हणणं, बोटीचा दोष नाही, फळ्या टाकलेल्या नदीत हीच बोट दिवसाला तीस किलोमीटर आरामात जाईल. मला सर जास्त बरोबर वाटतात, पण डॉक्टर बोटीत बसते तेव्हा माझ्यापेक्षा चांगली बसते, म्हणून जोरात बोलत नाही.

मालवणच्याने वेगळीच गोष्ट लावून धरली. कोकणात भरतीची वेळ कुणाला विचारावी लागत नाही. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती. चंद्र सुटी घेत नाही आणि निर्णय बदलत नाही. इथे पाण्याची वेळ चंद्राच्या हातात नाही, ती कुणीतरी बैठकीत ठरवतं आणि मग शाखा कार्यालयातला माणूस चावी फिरवतो. ‘मग त्या माणसाचो फोन नंबर घेवक होयो होतो,’ तो म्हणाला. त्याच्याकडे रेडिओही होता, चॅनेल सोळा लावलेला, ज्यावर समुद्रात कुणी ना कुणी ऐकत असतं. दारणेवर त्यावर फक्त खरखर. तटरक्षक दलाचा 1554 पाठ होता. इथे 112 लावायला हवा हे कुणाला आठवलं नाही, आणि आठवलं असतं तरी मोबाइल कोरड्या कप्प्यात, झाकणाखाली होते.

रात्री काठावर तंबू ठोकायचा बेत बाबांनी हाणून पाडला. ‘उसात बिबट्या हाये,’ एवढंच म्हणाले. निफाडच्या पट्ट्यात यावर कुणी वाद घालत नाही. आम्ही त्यांच्या गच्चीवर झोपलो. जोगलटेंभी सरांनी दुसऱ्या दिवशी जीपमधून पाहिली.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो, चौघेही. या वेळी निघण्याआधी कार्यालयात फोन केला, आदल्या संध्याकाळी वाटेतले सगळे बंधारे पायी चालून पाहिले आणि प्रत्येकाच्या किती फळ्या टाकलेल्या आहेत ते वहीत लिहिलं. मनगटाच्या दोऱ्या गाडीतच ठेवल्या. हेल्मेट घातली. बंधाऱ्याच्या दोनशे मीटर अलीकडेच काठाला लागलो आणि उचलून नेलं. मालवणच्याला पाच जागा शोधून उलट बाजूला झुकायचा सराव करायला लावला. पहिल्या चार वेळा तो जुन्याच बाजूला झुकला. दोन्ही काठांना मोटारी घुमत होत्या, एवढ्या की मागच्याला हाक ऐकू जात नव्हती. संगम, मग सायखेड्याचा पूल, मग चांदोरीला बोटी बाहेर.

मोडलेल्या बोटीचा पुढचा भाग बाबांच्या मळ्यातच राहिला. चाळीमागे दोन विटांवर टेकवलाय, वासरू त्यातून पाणी पितं. मागचा भाग मालवणला गेला. त्यातला कप्पा आतून अजून कोरडा होता, असं तो सांगतो.